बिजाचं पाणी

७ नोव्हेंबर

भैय्याजींनी माझा ग्लास दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारलं की पियूष, तुझं नशीब कधी फिरलं बे, तर पान उघडून दाखवता येईल.

परवाच्या दिवाळीत सोनिकाच्या याच घरी माझी काय इज्जत निघाली होती! बाभळीचा वाडगा आणि शिसमची डबी घेऊन गेलो होतो. डबीचं झाकण असं बसवलेलं की उघडताना हवा ओढल्याचा आवाज येतो. भैय्याजींनी डबीकडे पाहिलंही नाही. वाडगा उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला (धरमपेठेत चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं, पण स्वतःचा कधी नाकावर नसतो) आणि म्हणाले, "याच्यात मी का चिवडा खाऊ? इंजिनिअरिंग सोडून तू हे करून राहिला? हे बघ पोट्ट्या, कॉलेज सोडलेल्याले मी चहा पाजतो. पोरगी नाही देत."

सोनिका आतच होती. तिने ऐकलं. मी चहा तसाच ठेवून उठलो आणि जाताना गेट असं आपटलं की बिजागरीच निघून हातात आली. संध्याकाळी तिचा फोन. "बाबा म्हणतात, गेट ज्यानं तोडलं त्यानं बसवून द्यावं."

आज गेट बसवायला म्हणून गेलो आणि सोबत ग्लास नेला. बिजागरी ठोकली, हात धुतले, मग पिशवीतून काढला.

"हे का आणलं आता?"

"बिजाच्या लाकडाचा आहे. संध्याकाळी पाणी भरून ठेवायचं, सकाळी उपाशीपोटी प्यायचं. शुगरसाठी."

त्यांचा चेहराच बदलला. "बिजा? खरा बिजा?" ग्लास नाकाशी नेला. "माझे मोठेबाबा याच्यातच पाणी पेत. पार म्हातारे होऊन गेले, पण दात सारे शाबूत." आणि मग कपाळाला लावला, प्रसाद लावतात तसा. "रविवारी येजो बेटा. जेवायलेच येजो."

बेटा!

सोनिका दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही. बाबांसमोर लाजते ती.

८ नोव्हेंबर

काल आनंदाच्या भरात ग्लास कसा केला ते लिहायचंच राहिलं.

लकडगंजातल्या एका लाकूड कापायच्या आऱ्यावर जुन्या घराच्या चौकटी पडल्या होत्या, त्यातली एक बिजाची निघाली. ओली असती तर काही कामाची नव्हती. ओल्या लाकडाचा ग्लास वाळताना तडकतो. ही चौकट मात्र जुनी, हाडासारखी वाळलेली. बाहेरचं पांढरट लाकूड तासून टाकलं आणि आतला मधासारखा गाभा तेवढा लेथवर लावला. बाहेरून गोल करणं सोपं. आतून पोखरताना पटाशी दिसत नाही, आवाजावरून अंदाज घ्यावा लागतो. बूड जाड ठेवलं तर ग्लास जड होतो, पातळ केलं तर झिरपतो. दोन फुटले. तिसरा जमला. पॉलिश नाही, तेल नाही, कारण पाण्याला लाकूड लागलं पाहिजे. हात अजून पिवळे आहेत.

शेड देवाजींचं आहे. ते पोळपाट, लाटणी, खाटेचे खूर आणि देव्हाऱ्याचे खांब काढतात. अर्धी जागा आणि जुना लेथ मला दिला. तोंडाने मात्र दिवसभर चालू. "वाडगे बनवून राहिला! अबे, लोकायच्या घरात इस्टीलचे मावत नाही. बिजाचा गिलास कर. शुगरचं नाव काढलं की गिऱ्हाईक सवताहून येते." बोलता बोलता खिशातून गोळ्यांचं पान काढतात, एक गोळी तोंडात टाकतात, वरून घोटभर पाणी. आज विचारलं, कशाची गोळी? म्हणाले, "वयाची."

माझे बाबा हिंगण्याच्या कंपनीत शिफ्ट करतात. घरी आले की माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलतात. तिसऱ्या वर्षी आमच्या विभागप्रमुखांनी माझ्या वर्कशॉपच्या जॉबला सगळ्यांसमोर भंगार म्हटलं आणि मी तो जॉब त्यांच्या टेबलावर आपटला. वरची काच गेली. माफीनामा लिही म्हणाले. नाही लिहिला. अजूनही लिहिणार नाही. बाबांना वाटतं मी काचेपायी आयुष्य फोडलं. आता धरमपेठेत मला बेटा म्हणतात हे त्यांना कसं सांगू? सांगतच नाही. लग्नाची पत्रिकाच देईन.

१७ नोव्हेंबर

दुसरा रविवार. भैय्याजींनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं. ग्लासातलं पाणी काचेच्या पेल्यात ओतून उन्हात धरलं. चहासारखं तांबूस, आणि कडेला निळसर झाक. मीच केलेला ग्लास, पण माझ्याही अंगावर काटा आला.

"कडू आहे?" मी विचारलं.

"जहर! म्हणूनच तं काम करून राहिलं." आणि बोट टोचून आलेला आकडा सांगितला. गेल्या महिन्यापेक्षा बराच खाली. शेजारच्या काकांना भिंतीवरून ओरडून सांगितला. "हा आमचा पियूष. इंजिनिअर पोट्टा आहे, पण हातात कला आहे!"

निघताना सोनिका गेटपर्यंत आली. बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या दिवसभर हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंग. डोळे थकलेले. थकल्यावर ती जास्तच सुंदर दिसते, हे तिला सांगायची सोय नाही.

"ऐक न," ती म्हणाली. "शुगर खाली आली कारण त्यांनी दिवाळीपासून गोड सोडलं आणि इन्सुलिनची सुई वेळेवर घेऊन राहिले. ग्लासने नाही. पिऊ दे पाणी, माझं काही म्हणणं नाही. पण सुई बंद करू नका एवढं तू सांग त्यांना. आजकाल तुझं ऐकतात."

"मी काहून सांगू? डॉक्टर मी आहे का?"

"ग्लास देताना डॉक्टर होता न?"

असं बोलते ती. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर कॉलर धरली असती. मी म्हटलं, बघू. पण खरं लिहायचं तर सांगणार नाही. ज्या माणसाने आत्ता कुठे मला बेटा म्हटलं त्याला मी सुईचा उपदेश करू? आणि ग्लासने काही होत नाही असं मीच म्हणायचं? मग मी त्या घरी कोण? गेट बसवणारा.

१ डिसेंबर

आज मला या घराने खऱ्या अर्थाने आपलं केलं.

सोनिका ट्रेनिंगला गेली होती. भैय्याजींनी मला वॉशबेसिनपाशी बोलावलं. हातात इन्सुलिनचं पेन. चक्री फिरवली, बटण दाबलं आणि सगळं औषध बेसिनमध्ये. नळ सोडला.

"तुले म्हणून दाखवतो. आठवडा झाला, सुई बंद केली. रोज असंच करतो. सोनिका पेन मोजते, म्हणून रिकामं करा लागते. तिले सांगशीन नको. हे तुह्या-माह्यात."

मी विचारलं, "काही त्रास नाही?"

"त्रास? अरे, हलकं हलकं वाटून राहिलं! पोटाले टोचून टोचून चाळणी झाली होती माझी."

माझ्या मनात एकदा सोनिकाचं बोलणं येऊन गेलं. नाही असं नाही. पण साठीचा माणूस, स्वतःच्या दुकानाचा मालक, माझ्याएवढ्या पोराला विश्वासात घेऊन आपलं गुपित सांगतो. पोरीला सांगत नाही, मला सांगतो. सासरे-जावई असे असले तर लोक हेवा करतील. मी शब्द दिला.

१५ डिसेंबर

भैय्याजी बारीक झाले! पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मीच पाडून दिलं. शर्ट खांद्यावरून उतरतो. "लग्नात होतो तसा झालो," म्हणतात.

दिवसभर पाणी पितात. सारखी तहान. माझा ग्लास हातातून सोडतच नाहीत. लघवीला मात्र सारखं उठावं लागतं म्हणाले. मी देवाजींचंच वाक्य सांगितलं, जुनी शुगर धुऊन निघते. देवाजी गिऱ्हाइकाला असंच सांगतात. एका ग्लासाचं पाणी पुरत नाही म्हणून मोठा ग्लास करून दिला, जवळपास तांब्याएवढा. त्याला लाकूड निवडताना जीव गेला, पण झाला देखणा. कडेला पातळ, ओठाला लागत नाही असा.

बोट टोचून बघणं त्यांनी सोडलं. "जिभेले कडू लागते न, मंग मशीन कायले?" सोनिकाला खोटाच आकडा सांगतात. त्यांच्यासोबत सकाळी फिरायला जाणाऱ्या सगळ्यांना ग्लास हवे आहेत. वाडगे बंद. डब्याही बंद. एक तेंदूच्या काळ्या गाभ्याची डबी अर्धी पडली आहे, सोनिकासाठी करत होतो. तिला वेळ नाही आणि मलाही.

फिरायला म्हणून नवे बूट घेतले त्यांनी. चावतात, पण म्हणाले, पायाला काही कळतच नाही.

२२ डिसेंबर

भांडण.

ती शेडमध्ये आली. पहिल्यांदा. किती दिवस ठरवलं होतं की ती आली की तिला लेथ दाखवीन, तिच्या हातात पटाशी देईन. ती भुशातून सरळ चालत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा सुई घेऊन राहिले का?"

"मला काय विचारते?"

"त्यांचं वजन बघ. डोळे बघ. पायाच्या अंगठ्यापाशी फोड आला, फुटला, बरा नाही होऊन राहिला. पियूष, तुला काही माहीत असेल तर सांग. मी भांडत नाही. फक्त सांग."

देवाजी लाटणं घासायचं थांबवून ऐकत होते.

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं. आणि खोटं बोलावं लागलं याचाच मला एवढा राग आला की पुढे काय काय बोललो. तुझ्या बापाला मी बरं वाटतो हे तुला बघवत नाही. मी शिकलो नाही म्हणून माझ्या हातच्या वस्तूवर तुझा भरवसा नाही. तुला गोळ्या विकणारे जास्त प्यारे. समोरचा वाडगा उचलला आणि भिंतीवर मारला. बाभूळ. फुटला नाही, घरंगळत तिच्या पायाशी गेला. तिने वाकून उचलला, टेबलावर ठेवला.

"तू मला आवडत होता न," ती म्हणाली, "म्हणून विचारायला आली. नाही तर सरळ डॉक्टरला फोन केला असता."

होता? आवडत *होता*? दिवसभर त्या एका शब्दापायी काम झालं नाही. जखमेबद्दल काय म्हणाली ते आत्ता लिहिताना आठवलं.

५ जानेवारी

सोनिका माझ्याशी बोलत नाही. भैय्याजी बोलतात, तेवढं पुरे आहे सध्या.

अंगठा काळा पडला. पण आश्चर्य म्हणजे दुखतच नाही! एवढी जखम, आणि माणूस हूं नाही की चूं नाही. बिजाने दुखणंही ओढून घेतलं असं ते म्हणतात. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या कोणाची एवढी जखम असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

सोनिका रोज डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागते. ते तिला म्हणतात, दुकानाजवळच्या डॉक्टरला दाखवून आलो. गेले नाहीत. मला माहीत आहे, कारण त्या वेळी ते माझ्यासोबत बसलेले असतात.

"बिजाचा भुसा आणशीन का रे थोडा? मोठेबाबा घावात भरत."

मी घरी आणला. आईच्या जुन्या सुती ओढणीतून दोनदा चाळला. मैद्यासारखा झाला. आईने विचारलं, कायले लागते एवढा बारीक? म्हटलं, औषध आहे. आज सकाळी मीच त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि जखमेत भरला. वर पट्टी बांधली, त्यावर मोजा. कोणाचा पाय मी असा कधी धरला नव्हता. माझ्या बाबांचाही नाही. भैय्याजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू माझा पोरगा असता तं..." म्हणाले, आणि वाक्य सोडून दिलं.

मला रडू आलं. चांगलं रडू.

११ जानेवारी

वास येतो. परवापासून. अगरबत्ती लावून ठेवतात. मला सर्दी आहे असं मी स्वतःला सांगितलं.

आज मला त्यांनी दोनदा संघपाल म्हणून हाक मारली. संघपाल त्यांच्या दुकानातला माणूस. मग म्हणाले, काचा पुसून घे. मी म्हटलं, भैय्याजी, मी पियूष. ते नुसतेच पाहत राहिले. श्वास जोरजोरात, धावून आल्यासारखा. ग्लास हातातून पडला.

मी सोनिकाला फोन केला. तिने पहिल्या रिंगला उचलला.

१२ जानेवारी

रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये. शुगर मशीनवर आकडाच येत नव्हता, नुसतं 'हाय' दाखवत होतं. डॉक्टरांनी मोजा कापून काढला, पट्टी काढली. सोनिका पायाशी उभी होती, मी दाराशी.

"ही पावडर कशाची आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

सोनिकाने ट्रेमधली पट्टी नाकाशी नेली. तिने वास ओळखला. माझ्या शर्टाला हाच वास असतो. किती वेळा म्हणाली होती, तुझ्याजवळ बसलं की लाकडाचा वास येतो, छान वाटतं.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "लाकडाचा भुसा आहे, सर," म्हणाली. "आणि इन्सुलिन केव्हापासून बंद आहे ते मला माहीत नाही."

मला माहीत होतं. मी दाराशी उभा होतो आणि मला तारीखही माहीत होती. तोंड उघडलं नाही.

१४ जानेवारी

काल गुडघ्याखाली पाय काढला.

आज संक्रांत. हॉस्पिटलच्या गच्चीवरून सगळं आकाश पतंगांनी भरलेलं, खाली पोरं 'ओ काट' ओरडत होती. मी कान दाबून जिन्यात बसलो. मग उठून शेडवर गेलो. देवाजी लेथवर होते. मी मशीन बंद केली आणि त्यांची कॉलर धरली.

"तुम्ही म्हटलं होतं शुगर जाते!"

"सोड बे!"

"तुम्ही म्हटलं होतं!"

"मी कधी म्हटलं सुई बंद करा?" त्यांचा आवाज चिरका झाला. खिशातून गोळ्यांचं पान काढून माझ्या तोंडापुढे धरलं. "हे पाह्य! शुगरचीच गोळी आहे. धा वर्सं झाले खाऊन राहिलो. बिजाचं पाणीबी पेतो अन् गोळीबी खातो. तुले इचारता नाही आलं?"

"विचारलं होतं. तुम्ही वयाची म्हणाले."

"मंग? गिऱ्हाइकासमोर का सांगू, का बिजा इकणाराच गोळ्या खाते म्हणून?"

"मी गिऱ्हाईक होतो का?"

कॉलरचं बटण तुटून भुशात पडलं होतं, ते शोधत बसले. मी त्यांना मारलं नाही. मारायला हात उचलला तेव्हा माझा हात मला दिसला. पिवळा. त्या सकाळी हाच जखमेत बोटाने भुसा दाबत होता, हलकेच, दुखू नये म्हणून. आणि त्यांना दुखत नव्हतं. दुखत नव्हतं, आणि आम्ही दोघं खूश होतो.

३० जानेवारी

भैय्याजी घरी आले. मी जाणार नव्हतो. त्यांनीच संघपालला पाठवून बोलावलं.

पलंगावर उशांना टेकून बसले होते. अर्ध्या पायावर चादर, आणि जिथे पाय संपतो तिथे चादर सपाट. समोर फिरायला जाणारे दोघंतिघं. मला पाहून म्हणाले, "हा पाहा! याच्या ग्लासनं वाचलो मी. इन्फेक्शन तं बुटानं झालं. डॉक्टर म्हणे दुसराही गेला असता. काहून नाही गेला? बिजा पेत होतो म्हणून!"

माणसं माना हलवत होती. एकाने मला विचारलं, "माझ्या बायकोसाठी करशीन का गा एक?"

सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "माणूस कोण आहे हे पडल्यावर समजते. तू माझा पाय मांडीवर घेतला होता. सख्खा घेत नाही. नकली पाय बसला की तुमचं दोघांचं करून टाकू. मी सोनिकाशी बोलतो."

तीन महिन्यांपूर्वी हे वाक्य ऐकायला मी काय दिलं नसतं! मी उठून पाणी पितो म्हणून स्वयंपाकघरात गेलो. सोनिका भाजी चिरत होती. वर न पाहता म्हणाली, "तुला माहीत होतं. सुई बंद केली ते."

"हो."

"केव्हापासून?"

"नोव्हेंबर. शेवटचा आठवडा."

तिने सुरी खाली ठेवली. ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. ती म्हणाली, "काल पुन्हा बेसिनमध्ये सोडलं त्यांनी. मी मागे उभी होती. मी टोचायला गेली तर हात झटकतात. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर दुसरा पाय, नाही तर किडनी. पावसाळाही नाही काढणार." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्यांचा विश्वास तुझ्यावर बसला आहे. तूच काढ तो."

"मग ते मला घरात घेणार नाहीत."

"नाही घेणार."

"आणि तू?"

ती पुन्हा चिरायला लागली.

३ फेब्रुवारी

गेलो नाही. चार दिवस ठरवतो आणि जात नाही.

सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. लग्न झाल्यावर सांगू? मी घरातलाच झाल्यावर रोज स्वतः सुई देईन, माझ्या हातून घेतील. ग्लासही राहील, सुईही राहील, सोनिकाही राहील. किती सोपं! आणि मग आठवतं, ती म्हणाली पावसाळा. आणि ती माझ्याशी लग्न करणार आहे असं या सगळ्यात कोणी म्हटलं? फक्त भैय्याजींनी. बिजाच्या भरवशावर.

सकाळी बायकोसाठी ग्लास मागणारा माणूस शेडवर आला. मी म्हटलं, गोळ्या चालू आहेत का? तो म्हणाला, "तुमचा ग्लास घेतला की बंद करू." मी त्याला एवढ्या घाणेरड्या शिव्या घातल्या की देवाजींनी मला मागून धरलं.

९ फेब्रुवारी

सांगितलं. जसं झालं तसं लिहितो.

दुपारी गेलो. भैय्याजी पलंगावर, मोठा ग्लास उशाशी. मी बसलो नाही, बसलो असतो तर बोललो नसतो.

"भैय्याजी, ग्लासात काही नाही."

"भर मंग. तिकडं माठात आहे."

"पाण्याचं नाही म्हणत. बिजाने शुगर जात नाही. तुमची सुई बंद झाली म्हणून तुमचा पाय गेला."

ते हसले. "सोनिकानं शिकवून पाठवलं तुले?"

"नाही. ज्यांनी मला ग्लास शिकवला ते देवाजी स्वतः शुगरची गोळी खातात. दहा वर्षांपासून. आणि जखमेत मी भरला तो भुसा होता. लेथखाली पडतो तो. आम्ही तो झाडून पोत्यात भरतो. मी वाटी करतो, डबी करतो. औषध मला येत नाही. मला लाकूड येतं."

"माझे मोठेबाबा..."

"मोठेबाबांना शुगर होती?"

ते आठवत होते, खरंच आठवत होते, कपाळाला आठ्या घालून. मग हळू म्हणाले, "दात चांगले होते त्यायचे."

सोनिका आतल्या दारात येऊन उभी होती.

"तुले माहीत होतं," ते म्हणाले. "मी तुह्यासमोर बेसिनमध्ये सोडलं. तू काही लहान पोरगं नाही. तवा काहून नाही बोलला?"

माझ्याजवळ खूप उत्तरं होती. आठवडाभर तयार केली होती. तोंडातून एकच आलं. "तुम्ही मला बेटा म्हटलं होतं."

त्यांचा चेहरा असा झाला की मी खाली पाहिलं, तर खाली चादर होती, ती सपाट जागा होती, मग भिंतीकडे पाहिलं. वाटलं, ग्लास फेकून मारतील. मारावा असंच वाटत होतं. ते सदऱ्याची कड दोन बोटांत धरून चुरत राहिले. माझ्यावर ओरडणारा माणूस होता हा, दिवाळीत वाडगा उलटा करून पाहणारा. तो कुठे गेला म्हणून मी शोधत होतो.

"पाय माझा गेला," शेवटी म्हणाले, "अन् तू बेटा झाला."

मी म्हटलं, "हो."

सोनिका आत गेली आणि ट्रे घेऊन आली. पेन, कापूस. पलंगाशी टेकली. "बाबा, वेळ झाली."

त्यांनी तिचा हात झटकला नाही. सदराही वर केला नाही. माझ्याकडे पाहून, मी कोणी गेट बसवायला आलेला माणूस असल्यासारखे म्हणाले, "याच्यासमोर नाही. याले जाऊ दे आधी."

सोनिकाने वर पाहिलं नाही. ती सुईचं टोपण काढून राहिली होती. मी चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार ओढून लावून घेतलं.